हौसेची नळी, कागदांचा दस्ता

परंड्याच्या किल्ल्यात आजही बुरुजांवर तोफा आहेत. पण तिथली सगळ्यात नामांकित तोफ, 'मलिक-ए-मैदान', आता तिथे नाही. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघेपर्यंत आमचं किल्लारी आणि परंडा एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला 'मलिक-ए-मैदान' विजापूरची म्हणवत नाही. निजामशाहीसाठी १५४९ साली मुहम्मद रूमी या तुर्की ओताऱ्याने ती अहमदनगरात ओतली. पुढे ती परंड्याला आली आणि १६३२ साली आदिलशाहीचा मुरार जगदेव ती विजापूरला घेऊन गेला. वजन सुमारे पंचावन्न टन. लांबी चौदा फुटांच्या आसपास. तोंड सिंहाचं, जबडा वासलेला आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. गोळा लागून मरण्याआधी शत्रूने तोंड बघूनच घाबरावं, असा एकूण बेत. ती डागली की गोलंदाज कानठळ्या चुकवायला शेजारच्या पाण्यात उडी घ्यायचा, अशीही कथा सांगतात.

थोडक्यात, दख्खनमधली ही सर्वांत महागडी हौस. आणि १८५४ साली तिचा लिलाव झाला तेव्हा बोली लागली दीडशे रुपयांची. टनामागे पावणेतीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. धातूचा भंगारभाव त्या काळीही याहून बराच असणार. पण घेणाऱ्यापुढे प्रश्न धातूचा नव्हता. ही वस्तू हलवायची कशी, ठेवायची कुठे आणि तिचं करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. सुदैवाने अधिकाऱ्यांनी तो सौदा रद्द केला, म्हणून विजापूरच्या शेरझा बुरुजावर ती आज बघायला मिळते.

हौसेच्या महागड्या हत्यारावर पैसे घालावेत का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दीडशे रुपयांत आहे. उरलेलं निम्मं जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतं.

जगात या हौसेला तोटा नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कॅबट गन्स या कंपनीने नामिबियात पडलेल्या गिबिऑन उल्केच्या लोखंडातून पिस्तुलांची जोडी घडवली आणि २०१६ च्या सुमारास तिची किंमत पंचेचाळीस लाख डॉलर सांगितली. इटलीत आर्सेनल फायरआर्म्सने दोन पिस्तुलं एकमेकांना जोडावीत तसं दोन नळ्यांचं एकच पिस्तूल काढलं. एकदा चाप ओढला की दोन गोळ्या सुटतात. जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर' सिनेमात ते झळकलं. याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला ही वस्तू कळलेलीच नाही. ती उपयोगासाठी केलेलीच नसते. ती चारचौघांत पेटी उघडून दाखवण्यासाठी असते.

आपल्याकडे घोडं नेमकं इथेच पेंड खातं. भारतात बंदुकीचा परवाना 'मला आवडते' म्हणून मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात गरज लागते. जिवाला धोका, नेमबाजीचा खेळ किंवा पिकाची राखण. शेतकऱ्याला रानडुकरं हाकलायला ठासणीची बंदूक देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि औसा-निलंग्याकडे तूर-सोयाबीन लावणाऱ्याला ही तरतूद किती कामाची आहे हे सांगायला नको. संग्राहक हा प्राणी मात्र त्या यादीत सहजी बसत नाही. त्यात डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेल्या बंदुकाही त्या दोनांतच. तिसरी असेल तर जमा करा. आता ज्याच्याकडे दोनच जागा आहेत त्याने त्यातली एक चमत्कारिक पिस्तुलाला द्यावी का? घरात दोन खोल्या असताना एका खोलीत हत्ती बांधण्यातला हा प्रकार.

ही दुरुस्ती आली तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच परवानाधारकांनी कुरकुर केली. मला ती कुरकुर फारशी पटली नाही. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, हे त्याच दुरुस्तीत आलं आणि त्याची गरज होती. वरातीतली बंदूक हीदेखील एक हौसच, फक्त तिची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

देशी हौसेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कानपूरचं. दिल्लीतल्या २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पॉइंट ३२ बोअर, वजन अर्धा किलो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. येतं ते दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत. बाईने पर्समध्ये ठेवावं, ही कल्पना. किल्लारीच्या बसथांब्यावर लातूरला कॉलेजला जाणारी मुलगी उभी असते, तिच्या पर्समध्ये सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर येणार कुठून, आणि त्याच्या परवान्यासाठी ती किती खेटे घालणार? ज्यांनी घेतलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पेटीसाठीच घेतलं असावं, असा माझा संशय आहे. संग्राहक म्हणून विचाराल तर कारखान्यातून रोज निघू शकणारी वस्तू दुर्मीळ होत नाही. नाव भावनेला हात घालणारं असलं तरीही.

आता बाजाराची गंमत बघा. खासगी माणसाला परदेशी बंदूक आयात करण्याची वाट ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. नामांकित नेमबाज वगैरे अपवाद सोडा. परिणाम असा की इंग्रजांच्या काळात आलेलं, घासून गुळगुळीत झालेलं वेब्ली रिव्हॉल्व्हर इंग्लंडात ज्या भावाला कुणी हात लावणार नाही, त्याच्या कितीतरी पट भावाने इथे विकलं जातं. ही किंमत वस्तूची नव्हे, बंद दाराची. दार किलकिलं झालं की ती उतरणार. वेब्लीने भारतीय भागीदारासोबत उत्तर प्रदेशात संडीला इथे उत्पादन काढायचं जाहीर केलं, तेव्हाच जुन्या मालावर डोळा ठेवून बसलेल्यांनी सावध व्हायला हवं होतं. 'जमिनीसारखा भाव वाढतो' म्हणून रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने जमीनच घ्यावी. तिचं नूतनीकरण करावं लागत नाही आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगत नाहीत.

मग हौशी माणसाने काहीच घेऊ नये? तसं नाही. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक खिडकी आहे. कालबाह्य झालेलं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियमांत आणखी स्पष्ट केलं की कुतूहलाची वस्तू या वर्गात मोडणारं छोटं हत्यार नुसतं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना नको. मात्र ते वापरायचं, सोबत फिरवायचं किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं तर परवाना हवाच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय दारूगोळाही मिळणार नाही. म्हणजे भारतातल्या संग्राहकाला निश्चिंत मनाने ठेवता येते ती मुकी बंदूक. एकदा हे मान्य केलं की सगळा हिशेबच बदलतो. मग नळीतून काय सुटतं याला मोल उरत नाही, नळीवर काय कोरलंय याला येतं.

आणि आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी नळीवर काय काय केलंय! तोड्याच्या बंदुकीची चांगली नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली असते, आणि घासूनपुसून आम्लाचा हात फिरवला की पाण्यावरच्या लहरींसारखा जौहर वर येतो. नकली मालात हा जौहर नुसता वरवर उमटवलेला असतो. जिथे ओरखडा पडला आहे तिथे नीट बघावं. खरी लहर ओरखड्याच्या तळातही असते, खोटी तिथे संपते. सोन्याच्या कोफ्तगारीचंही तसंच. कारागीर आधी लोखंडावर उभ्याआडव्या बारीक रेघांची जाळी ओढतो, तिच्यावर सोन्याची तार ठेवून हातोडीने बसवतो. दोनशे वर्षांच्या हाताळणीत सोनं झिजतं आणि खालची जाळी उघडी पडते. भिंगाखाली ती जाळी दिसली की जीव भांड्यात पडतो. नुसत्या सोनेरी मुलाम्याखाली लोखंड सपाट निघतं. विकणारा यावर 'साहेब, फारच झिजलंय' म्हणतो. झिजू द्या. जाळी झिजून नाहीशी होत असती तर एवढी फुलं तरी कशी राहिली असती?

चमत्कारिक हत्यारांची आवड नव्या श्रीमंतांचीच आहे असं मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकातल्या संस्थानिकांसाठी इथल्या कारागिरांनी कट्यारीच्या दोन्ही अंगांना दोन छोटी पिस्तुलं बसवली, ढालीच्या फुलांआड नळ्या लपवल्या. लढाईला यातलं काहीही धड नाही. कट्यार जड होते आणि पिस्तुलाचा नेम लागत नाही. पण आज संग्रहालयांत लोक काचेला नाक लावून याच वस्तू बघतात. पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर गोळा केलेल्या आणि पुढे सरकारच्या हवाली केलेल्या संग्रहात हत्यारांबरोबर दारू ठेवायची बारूददानंही आहेत, ती बघताना बंदुकीपेक्षा मला जास्त वेळ लागतो. बारूददान घ्यायला परवान्याची भानगड नाही, जागा कमी लागते आणि कारागिरी तीच. हौस असेल तर तिथून सुरुवात करावी, असं माझं मत.

मराठवाड्यात बंदुकीकडे नुसतं हौसेने बघणं थोडं अवघडच जातं, हेही सांगायला हवं. इथल्या जुन्या माणसांच्या आठवणीत बंदूक रझाकारांच्या खांद्यावर आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करेपर्यंतचे ते महिने ज्यांनी काढले, त्यांच्या घरी भिंतीवर शोभेची बंदूक लटकवायची कल्पना फार रुचायची नाही. खंडेनवमीला पूजेला तलवार मांडतात. बंदूक क्वचितच.

नांदेडला मात्र वेगळं चित्र आहे. गुरू गोविंदसिंग यांचा १७०८ साली जिथे देहान्त झाला, त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये त्यांची शस्त्रं जपलेली आहेत. तलवारी, ढाल, धनुष्य, बाण आणि एक तोड्याची बंदूकसुद्धा. दिवाळीच्या सुमारास गोदावरीचं पाणी आणून तख्तस्नान होतं, तेव्हा शस्त्रंही स्वच्छ केली जातात. या बंदुकीला बाजारभाव नाही. पण ती कुणाची, कुठून आली, कुणाच्या हाती राहिली, हे तीनशे वर्षं कुणी विसरलेलं नाही.

बाजारात याच आठवणीला लाखो-कोटी मोजतात. ब्रिटन सरकारने २०२३ मध्ये टिपू सुलतानाची एक चकमकी शिकारी बंदूक देशाबाहेर जाऊ नये म्हणून निर्यात रोखली, तिची किंमत वीस लाख पौंड धरलेली होती. चौदा बोअरची ही बंदूक. तशा बंदुका त्या काळी कमी नव्हत्या. पण हिच्यावर असद खान मुहम्मद या कारागिराचं नाव आहे, १७९३-९४ चं साल आहे आणि ती पुढे लॉर्ड कॉर्नवॉलिसला भेट गेल्याची परंपरा आहे. हे तीन धागे तोडून तीच बंदूक एखाद्या जुन्या बाजारात ठेवली तर तिला कोण कोर्‍या कागदावर वीस लाख पौंड देईल?

किल्लारीत हा मुद्दा वेगळ्याच तऱ्हेने बोचतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, भूकंपात जाड दगडी भिंतींची माळवदाची घरं बसली. हजारो माणसं गेली, तिथे वस्तूंचं काय घेऊन बसायचं. पण माणसांमागे राहिलेल्यांना पुढे हेही जाणवलं की ट्रंकेतली खरेदीखतं, सनदा, परवाने, फोटो मातीत गेले. मातीखालून निघालेलं जुनं हत्यार लोखंड म्हणून शिल्लक राहील, पण ते कुणाचं हे सांगणारा कागद आणि तो कागद वाचून दाखवणारा आजा, दोन्ही गेल्यावर त्याची संग्राहकाच्या लेखी किंमत भंगाराला लागते.

परदेशात विकून पैसे करू, हा बेतही बाजूला ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे लंडनच्या लिलावातले आकडे वाचून औसा किंवा उदगीरच्या वाड्यातल्या बंदुकीची किंमत ठरवू नये. इथला गिऱ्हाईक इथलाच.

तरीही कुणाला घ्यायचीच असेल तर त्याने नवं चमत्कारिक पिस्तूल सोडून द्यावं आणि जुनी, बंद पडलेली, कारागिराच्या हाताची बंदूक बघावी. घेण्याआधी ती कलम ४५ मध्ये खरोखर बसते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्यावं. शंभर वर्षं जुनी असली तरी आजचं काडतूस घेणारी बारा बोअर अडगळ म्हणून खपवता येत नाही. नळीत गज घालून आत दारू ठासलेली राहिली आहे का, हेही जाणत्याकडून बघून घ्यावं. पिढ्यान्‌पिढ्या भरून ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीने घात होऊ शकतो. विकणाऱ्याकडून त्याच्या आजा-पणज्यापर्यंतची हकिकत लिहून सही घ्यावी आणि तिची एक प्रत गावाबाहेर, नातलगाकडे ठेवावी. आणि समोरचा 'आधी माल न्या, कागद मागाहून करून देतो' म्हणाला, तर चहा पिऊन उठावं.