सतरा सप्टेंबर: ऐकीव आणि खरे

दर १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळांत झेंडावंदन होते, भाषणे होतात. त्यांत एक वाक्य हमखास असते: ‘आपण तेरा महिने उशिरा स्वतंत्र झालो आणि त्याच दिवशी भारतात विलीन झालो.’ यातला दुसरा अर्धा भाग चूक आहे.

नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. चहूबाजूंनी भारत आणि मध्ये समुद्रकिनारा नसलेले हैदराबाद, असे ते जमिनीवरचे बेट होते. भारताच्या कारवाईपुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. आपण त्या कारवाईला पोलिस कारवाई म्हणतो, पण ती लष्कराने केली होती. त्यानंतर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी कारभार आला. निजामाने भारताची राज्यघटना मान्य केल्याचे फर्मान २३ नोव्हेंबर १९४९ चे आहे. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद भारताचे घटक राज्य झाले आणि त्याचा राजप्रमुख १९५६ पर्यंत स्वतः निजामच होता. लोकांनी निवडलेले सरकार १९५२ मध्ये आले, बी. रामकृष्ण राव यांचे.

‘निजामाच्या राज्यात पक्षच नव्हते’ असेही म्हणतात. पक्ष होते, त्यांना काम करू दिले जात नव्हते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. बंदी उठायला १९४६ उजाडले. मराठी माणसे महाराष्ट्र परिषदेच्या नावाने एकत्र येत. तिचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले होते.

सर्वांत घातक गैरसमज रझाकारांविषयीचा आहे. रझाकार हे निजामाचे सैन्य नव्हते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे ते स्वयंसेवक दल होते आणि त्याचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. निजामाच्या लायक अली मंत्रिमंडळाने त्याला आवरले नाही, हा सरकारचा गुन्हाच. पण म्हणून रझाकार म्हणजे सारे मुसलमान असे होत नाही. भारतात सामील व्हा, असे लिहिणारे ‘इमरोज’ दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हत्या झाली. शिवाय कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आपल्या भाषणांत हे पान गळते. ते गळू नये असे मला मनापासून वाटते.

आता नकाशा. लातूर जिल्हा निजामाच्या काळी नव्हताच. तो १६ ऑगस्ट १९८२ चा. निजामाच्या काळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदरमध्ये होते, किनवट आदिलाबादमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला हे तालुके मराठवाड्यासह द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. नांदेडचे मुधोळ आणि भैंसा मात्र आंध्रात गेले.

घरात निजामकाळचा जमिनीचा कागद असेल, तर उर्दू जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्या. उदगीरकरांना त्यावर जिल्हा बिदर दिसेल.