सूत्रधारी कंपनीचा वार्षिक हिशेब

वसईजवळच्या वालीव येथें लहान कारखान्यांची दाटी आहे. अशा ठिकाणीं एकादें कुटुंब दोन कारखान्यांच्या दोन खाजगी कंपन्या काढतें व त्यांचे निम्म्याहून अधिक भाग तिसऱ्या कंपनीच्या नांवें ठेवतें. ही तिसरी म्हणजे सूत्रधारी किंवा होल्डिंग कंपनी. तिला ना यंत्र, ना कामगार; मग तिचा हिशेब तो कसला, असें वाटणें साहजिक आहे.

कायद्याची दृष्टि मात्र निराळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें 'लहान कंपनी'स कांहीं सवलती दिल्या. पण भांडवल कितीही अल्प असो, सूत्रधारी कंपनी त्या व्याख्येंत बसत नाहीं. स्वतःच्या ताळेबंदाखेरीज उपकंपन्यांसह एकत्रित ताळेबंदही तिला करावा लागतो. त्यांत आपसांतील देणेंघेणें वगळतात; एरवीं एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेलेला पैसा कमाई भासेल.

वर्ष ३१ मार्चला संपतें. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी. सभेनंतर ३० दिवसांत हिशेब आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे जावें. विलंबास प्रत्येक पत्रकामागें दररोज १०० रुपये जादा शुल्क पडतें. सलग तीन वर्षें कसूर झाल्यास संचालक पांच वर्षें नव्या नेमणुकीस अपात्र ठरतो. इतकेंच नव्हे, तर कसूर न करणाऱ्या इतर कंपन्यांतील त्याचें संचालकपदही जातें. म्हणजे कपाटांतल्या निद्रिस्त कंपनीची हयगय चालत्या कारखान्याला भोंवते.