मालक दारात हवाच कशाला?

अमेरिकेत माणसे घराविना राहतात, हे सांगितले तर आपल्याकडे पटकन कोणाला पटत नाही. पण कॅलिफोर्निया राज्यात हजारो लोक फुटपाथवर आणि मोटारीत झोपतात. भाडे परवडत नाही, हे त्याचे मोठे कारण आहे. त्यावर एक उपाय म्हणून तेथे राहत्या घराच्या मागे, अंगणात किंवा गॅरेजच्या जागी छोटे घर बांधू देतात. त्याला स्वतःचे दार, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असते. आपण त्याला जोडघर म्हणू.

परवानगी देताना पुष्कळ नगरपालिका एक अट घालीत. मालकाने मूळ घरात नाहीतर जोडघरात स्वतः राहिले पाहिजे; दोन्ही घरे भाड्याने देता येणार नाहीत. सिअॅटल शहरात तर मालकाने वर्षाचे किमान ६ महिने तेथे राहावे असा नियम २०१९ पर्यंत होता.

वरवर पाहता अट चांगली वाटते. मालक दारात असला म्हणजे घराची निगा राहते, पैसेवाल्या कंपन्या घरे बळकावीत नाहीत, असे तिचे समर्थक म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही. पण अट जाचते कोणाला? नोकरीसाठी परगावी जावे लागलेल्या कामगाराला. आईवडील वारले आणि मुले दुसऱ्या शहरात असली, तर त्या मुलांना आणि जोडघरातल्या भाडेकरूलाही. कर्ज बुडाले तर बँक काही त्या घरात राहायला येणार नाही, म्हणून बँकाही हात आखडतात. श्रीमंत रोख पैशाने बांधतो; कर्जावाचून ज्याचे चालत नाही तो अडतो.

या अटीमागे एक जुना समजही आहे. भाडेकरू म्हणजे परका, त्याच्यावर मालकाची नजर हवी! १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वस्त्या वाटण्याचा नगरपालिकेचा कायदा रद्द केला. पण १९२६ साली त्याच न्यायालयाने घरांच्या प्रकारावरून विभाग पाडण्यास मान्यता दिली. एका जमिनीवर एकाच कुटुंबाचे घर, असे विभाग जागोजागी झाले. चाळीसारखी इमारत नको म्हटले की तिच्यात राहणारे गरीब आणि काळे लोक आपोआप वेशीबाहेर राहतात. हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. पुढे अशा वस्तीत जोडघराला जागा मिळाली, तीही अनेक ठिकाणी मालकाच्या पहाऱ्याखाली.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२० पासून ५ वर्षे नव्या जोडघरांना ही अट घालण्यास मनाई केली. २०२३ च्या कायद्याने ती मनाई कायमची झाली. ओरेगॉन राज्यानेही २०१९ मध्येच तसे पाऊल उचलले. मात्र मूळ घराच्या आतच काढलेल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीचे न्हाणीघर सामाईक असेल, तर कॅलिफोर्नियात मालकाने तेथे राहण्याची अट आहे. एकाच छपराखाली वावरायचे असल्याने ती समजण्यासारखी आहे. जोडघराचे लॉज होऊ नये म्हणून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देण्यास नगरपालिका बंदी घालू शकते. कंपन्यांच्या नफेखोरीला आवर घालायचा, तर तो असा थेट घालावा.

अट उठली म्हणजे सर्वांना घर मिळाले, असे मुळीच नाही. भाडे किती आणि भाडेकरूला संरक्षण कोणते, हे प्रश्न उरतातच. पण घराचा कोणताही नियम समोर आला की एक गोष्ट विचारावी. तो छप्पर देण्यासाठी आहे, की माणूस पारखण्यासाठी?