भय वाड्यातले, विज्ञान कागदावरचे

मराठी भयपटांची प्रतवारी लावताना पहिली जागा एका हिंदी चित्रपटाला द्यावी लागते. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ची (२०१८) भाषा हिंदी असली, तरी त्याचा जीव मराठी आहे. मूळ प्रेरणा पुण्याच्या नारायण धारपांची 'आजी' ही कथा, आणि तिचे बीज पुन्हा स्टीफन किंगच्या कथेत. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेले. १९१८ साली कोकणातल्या वाड्यात कथा सुरू होते, बिऱ्हाड पुण्याला हलते, आणि नायक विनायक सोन्याच्या नाण्यांसाठी पुन्हा पुन्हा त्याच वाड्याकडे वळतो. वाड्याची बरीच दृश्ये सासवडला चित्रित झाली. २०१२ मध्ये झालेल्या चित्रणाचा मोठा भाग २०१५ मध्ये पुन्हा केला गेला. सतत कोसळणारा पाऊस, कंदिलाचा अपुरा उजेड आणि कुजट ओल यांतून जे भय उभे राहते, ते त्यातल्या हस्तर या राक्षसापेक्षाही माणसाच्या हावेचे असते. म्हणूनच हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहतानाही तितकाच अंगावर येतो.

अंधाराशी असे खेळण्याची परंपरा पुण्याला जुनीच. प्रभात फिल्म कंपनीच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला होता. तो भयपट नव्हे, पण त्या डोळ्याचा धाक आजही जाणवतो.

दुसरा क्रमांक विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'चा. गरोदर नायिका, चहूबाजूंनी ऊस आणि बाहेर पडायला वाट नाही. उसाच्या फडाइतके ओळखीचे ठिकाण इतके भीषण क्वचितच झाले असेल. त्यामागे मुलींच्या हत्येचे वास्तव आहे. फुरिया यांनीच २०२१ मध्ये तो 'छोरी' नावाने हिंदीत केला. मूळ मराठी चित्रपट अधिक धारदार आहे. तिसरा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६): सुधीर मोघे यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी त्यातली रात्र घराघरांत पोहोचवली. त्यानंतर महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३). बाहुल्यात शिरलेल्या खुन्याची कल्पना हॉलिवूडची, पण रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने त्या खुन्याला, तात्या विंचूला, अस्सल मराठी केले. तो घाबरवतो थोडा, हसवतो अधिक, म्हणून चौथा.

विज्ञानपटांची यादी मात्र सुरू होताच संपते. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (२०१६) हा ठळक प्रयत्न. अभियांत्रिकीचा विद्यार्थी होलोग्रामची मुलगी घडवतो, ही कल्पना ताजी, पण प्रेमकथेच्या ओढीत विज्ञान मागे पडते. भयपटाला एक जुना वाडा आणि चांगला ध्वनी पुरतो. विज्ञानपटाला अख्खे जग उभारावे लागते, आणि मराठी निर्मात्याचा हात तिथेच आखडतो. कथांची वाण मात्र कधीच नव्हती. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' लिहून मराठी विज्ञान परिषदेचे पारितोषिक मिळवले, पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी यंत्राच्या बुद्धीविषयी आहे. महागड्या दृश्यांपेक्षा तिला नेमकी पटकथा हवी. पुण्यातल्या एखाद्या तरुण दिग्दर्शकाने ती आता हाती घ्यावी.