गावामागे एक रुपया

छत्तीसगड हे नावच एक हिशेब आहे. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे 18 गड, दक्षिणेला रायपूरचे 18. एका गडात 84 गावं असावीत, असा जुना दंडक. 36 गुणिले 84 म्हणजे 3,024 गावं. प्रत्यक्षात गावं कमी-जास्त असणारच, पण कागदावरचा आकडाच छाती दडपवणारा.

1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सरदार भास्करपंत बंगालच्या वाटेवर रतनपूरवर चालून गेला. फौज 40 हजारांची, असं गॅझेटिअर सांगतो. सातशे वर्षांच्या हैहय राजवटीच्या राजधानीने फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली. दंड पडला एक लाख रुपये.

रायपूरच्या शाखेची गोष्ट याहून चटका लावणारी. भोसल्यांनी तिथल्या राजा अमरसिंहाला आधी 7,000 रुपये खंडणीच्या बोलीवर रायपूर, राजीम आणि पाटण ठेवू दिलं. 1757 मध्ये त्याचा मुलगा शिवराजसिंह याच्याकडून तेही गेलं. पोटासाठी ठरलं गावामागे एक रुपया. 18 गडांची सगळी गावं दंडकाप्रमाणे धरली तरी वर्षाला 1,512 रुपये!

याच 1757 मध्ये प्लासी झाली. तिथे जिंकलेल्या रॉबर्ट क्लाइव्हला, म्हणजे पुढच्या लॉर्ड क्लाइव्हला, दोन वर्षांनी मीर जाफरने जहागीर दिली. तिचं उत्पन्न वर्षाला सुमारे 27 हजार पौंड, रुपयांत सव्वादोन लाखांच्या घरात. राजवंशाच्या वारसापेक्षा जवळजवळ दीडशे पट, आणि तेही कंपनीच्या कारकुनीपासून सुरुवात केलेल्या माणसाला. इंग्रज उमरावांच्या ऐश्वर्याच्या कथा वाचताना हा हिशेब शेजारी ठेवावा.

रघूजींना चार मुलगे. विलायतेत धाकट्याच्या वाट्याला सहसा पलटण नाहीतर चर्च; इथे वाटणीत बिंबाजींना छत्तीसगड मिळालं. 1758 पासून 1787 पर्यंत ते रतनपुरात राहिले. मोडी कागद तिकडे रुजले, रामटेकडीवर राममंदिर उभं राहिलं, आणि दसऱ्याला सोनं वाटण्याची चाल त्यांनीच आणली असं तिकडे मानतात. फौजफाट्यापेक्षा हीच कमाई मला मोठी वाटते.

त्यांच्यानंतर मुलूख पुतण्या व्यंकोजींकडे गेला आणि सुभेदारांमार्फत नागपुरातून हाकला जाऊ लागला. 1818 मध्ये कारभार इंग्रजांच्या हाती आला आणि मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हललं. आज तेच रायपूर सुमारे 1 लाख 35 हजार चौरस किलोमीटरच्या राज्याची राजधानी आहे. क्षेत्रफळात हे राज्य अख्ख्या इंग्लंडपेक्षा थोडं मोठंच भरतं.