पऱ्हाटी पाते का टाकते?

ऑगस्ट-सप्टेंबरात खामगाव तालुक्यातली पऱ्हाटी पात्या-फुलांवर येते आणि त्याच सुमारास एक तक्रार कानावर येऊ लागते. ‘आभाळ आलं, दोन दिवस झड लागली आणि झाडाखाली पात्यांचा सडा पडला. कोणतं टॉनिक मारू?’ मला दर हंगामात हा प्रश्न विचारला जातो. बाटलीचे नाव सांगणे सोपे आहे. पण झाड पाते का टाकते हे आधी समजून घेतले, तर खिशातला पैसा आणि झाडावरचे बोंड दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते. ज्या गावी १८७० मध्ये जलंबहून आगगाडीचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी, त्या गावाला हा प्रश्न परका नाही.

झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तरी मुळाची अडचण शेंड्याला कळते आणि शेंड्याची हालचाल खालच्या फांद्यांना समजते. हे निरोप पोहोचवणारी रसायने म्हणजे संप्रेरके, आपण ज्यांना हार्मोन म्हणतो ती. त्यांतली पाच मुख्य. ऑक्झिन शेंड्यात, कोवळ्या पानांत आणि वाढत्या बोंडात तयार होते. जिबरेलिन कांड्या लांबवते. सायटोकायनिन पेशींचे विभाजन घडवते आणि पान हिरवे ठेवते. अ‍ॅब्सिसिक आम्ल ताणाच्या काळात वाढते. पाचवे इथिलीन, हा चक्क वायू आहे. आढीतले आंबे पिकवतो तोच.

आता पात्याकडे येऊ. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पात्याकडून ऑक्झिनचा प्रवाह चालू असेपर्यंत हा थर घट्ट राहतो. प्रवाह आटला आणि इथिलीन वाढले, की पेशींना जोडणारा चिकट पदार्थ विरघळू लागतो, सांधा सुटतो आणि पाते गळते. म्हणजे गळ हा अपघात नाही. झाडाने घेतलेला तो निर्णय आहे.

हा निर्णय झाड का घेते? पऱ्हाटी पोसता येतील त्यापेक्षा कितीतरी जास्त पाती धरते. चांगल्या वर्षीही त्यांतली निम्म्याहून अधिक गळतात. आभाळ दाटले की ऊन कमी, ऊन कमी की पानात साखर कमी. मग झाड खर्चाला कात्री लावते आणि लहान लेकरांवर पहिली पाळी येते. काळ्या जमिनीत पाणी साचले तर मुळांना हवा मिळत नाही. तिथे इथिलीनचा कच्चा माल तयार होतो, तो वर चढतो आणि पानांत हवा मिळताच त्याचे इथिलीन होते. पावसाने ओढ दिली तरी तेच, आणि अळीने पाते पोखरले तरी जखमेमुळे तेच. कारणे चार, पण परिणाम एकच दिसतो, आणि आपली गफलत इथेच होते.

अ‍ॅब्सिसिक आम्लाची गोष्ट तर कपाशीचीच आहे. कॅलिफोर्नियात अ‍ॅडिकॉट आणि त्यांचे सहकारी बोंडगळीचा शोध घेत होते. १९६३ मध्ये त्यांनी कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. गळ घडवणारे म्हणून त्याचे नावही तसेच पडले. पुढे कळले, की गळीचा मोठा सूत्रधार इथिलीन आहे. या आम्लाचे खरे मोठे काम वेगळेच: पाण्याचा ताण पडला की पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटवून ओल वाचवणे.

मग फवारणीचे काय? पातेगळीसाठी एनएए वापरतात, ते कृत्रिम ऑक्झिन आहे. पात्याकडून येणारा निरोप कमी पडला, तो आपण बाहेरून पुरवतो. प्रमाण साधारण १० ते २० पीपीएम. २० पीपीएम म्हणजे १० लिटर पाण्यात अवघे २०० मिलिग्रॅम. साडेचार टक्क्यांचे द्रावण असेल तर सुमारे साडेचार मिलिलिटर. ‘थोडं जास्त टाकलं तर बरं’ हा हिशेब इथे चालत नाही. सफरचंदाच्या बागेत कोवळी फळे विरळ करण्यासाठी, म्हणजे मुद्दाम गाळण्यासाठी, हेच एनएए फवारतात. वेळ आणि मात्रा बदलली की निरोपाचा अर्थ बदलतो.

याहून कडक उदाहरण टू-फोर-डी या तणनाशकाचे. तेही ऑक्झिनच्याच जातीचे. शेजारच्या धुऱ्यावरून वाऱ्याने आलेला तुषार किंवा न धुतलेल्या पंपातला अंश एवढ्यानेही पऱ्हाटीची पाने भेंडीच्या पानांसारखी लांबट बोटांची होतात. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

बाटली घेताना लेबल वाचा. एनएएसारखी वाढनियंत्रके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. नोंदणी क्रमांक, घटक आणि टक्केवारी छापलेली हवी. जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. नुसतेच ‘चमत्कारी टॉनिक’ लिहिले असेल, तर दुकानदाराला घटक विचारा आणि पक्की पावती घ्या.

आणि फवारणीआधी एक काम करा. खाली वाकून गळलेली वीस-पंचवीस पाती उचला आणि उकलून पाहा. छिद्र किंवा अळी दिसली, तर इलाज अळीचा करायचा. पाती निरोगी असतील आणि सरीत पाणी उभे असेल, तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा. जमीन वाफशावर आली की डवरा फिरवा, नत्राची उणीव असेल तर ती भरून काढा. एवढे करूनही गळ थांबत नसेल, तेव्हा योग्य मात्रेत एनएए कामाला येते. भुकेल्या झाडाला निरोप पाठवून पोट भरत नाही. आधी त्याची अडचण दूर करावी, मग फवाऱ्याला हात घालावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)