थांबीव बे, मागं घे!

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या वाड्यात भाड्याचा व्हीसीआर यायचा, तेव्हा तयारी जवळजवळ लग्नघरासारखी असायची. सात-आठ घरांची वर्गणी निघे. रंगीत टीव्ही मांडीवर घेऊन दुकानाचा पोऱ्या रिक्षातून येई. सतरंज्या अंगणात, म्हातारी माणसं ओसरीवर, आणि रात्रभरात तीन कॅसेट. पहिली मारधाडीची हिंदी, दुसरी आजीमंडळींसाठी देवाधर्माची, आणि पहाटे निम्मा वाडा घोरत असताना मराठी. एका पहाटे महेश कोठारे यांचा 'धडाकेबाज' लागला. बाटलीतला एवढासा गंगाराम, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेच, बाहेरच्या लक्ष्मीकांतशी बोलायला लागला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "थांबीव बे, मागं घे!"

थांबवलं. चित्रावर दोन पांढरे पट्टे आले, गंगाराम थरथरत उभा राहिला. सगळे पुढे सरकले. बाटलीची कड कुठं संपते, माणूस कुठं सुरू होतो, याचा शोध चालला. आजी म्हणाली, "अरे, पण त्याला बोलू तरी द्या."

सोलापूरच्या सिनेमावेडाचे दोन भाग पाडायचे झाले तर मी त्या क्षणी पाडेन. त्याआधी सिनेमा आपल्याला धरून ठेवायचा. त्यानंतर आपण सिनेमाला धरायला लागलो. ट्रिकसीन, म्हणजे आज ज्याला सगळे व्हीएफएक्स म्हणतात ते, आणि घरी येणारी कॅसेट यांचं नातं त्या एका बटणात आहे.

खरं तर 'हे कसं केलं असेल?' हा प्रश्न आपल्या सिनेमाच्या बापानंच आपल्याला शिकवला. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत लोकांसमोर आला, पण त्याआधीच दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्यात पकडली होती. ठरावीक वेळानं एकेक चौकट टिपायची, म्हणजे दिवसांचं काम पडद्यावर क्षणात होतं. पुढे त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा माहितीपटच काढला आणि त्यात स्वतः फिल्म तपासताना दिसले. आजच्या भाषेत 'मेकिंग'. 'कालिया मर्दन' (1919) तर याहून गमतीचा आहे. कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी आधी साधी मुलगी म्हणून समोर येते, चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. जादू करण्याआधी जादूगारानं रिकामी टोपी दाखवावी तसं. प्रेक्षकाला आधी विश्वासात घ्यायचं आणि मग फसवायचं. एवढा सभ्यपणा नंतरच्या ट्रिकवाल्यांनी फारसा पाळला नाही.

कोल्हापूरनं ही विद्या पुढे नेली. बाबूराव पेंटरांच्या 'सिंहगड'मध्ये (1923) रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला. त्यात शेलारमामा झालेले तरुण म्हणजे व्ही. शांताराम. पुढे 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (1936) आला. दामले-फत्तेलाल यांनी शेवटी तुकोबांना गरुडाच्या आकाराच्या विमानात बसवून वैकुंठाला पाठवलं. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचं कौतुक झालं. ते विमान आज पाहिलं तर पुठ्ठ्याचं वाटतं, हे खरं. पण ते निघतं तेव्हा माझं लक्ष विमानाकडे नसतं, खाली राहिलेल्या जिजाईकडे असतं. तिच्या पायाशी घर आहे, संसार आहे, आणि नवरा वर चालला आहे. ट्रिक टिकते ती अशी, कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या जोरावर. याच सुमारास मुंबईत बाबूभाई मिस्त्री काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यानं वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवत होते. लोकांनी त्यांचं नावच 'काला धागा' पाडलं. धाग्यावर जगणाऱ्या आमच्या गावाला या नावाचं वेगळं कौतुक वाटायला हरकत नाही.

आमच्याकडे हे चमत्कार आधी तंबूतून आले. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, आणि मग होम मैदानावरचा गड्डा. आकाशपाळणा, मौत का कुआँ, भजी, असा तो सगळा थाट. गावोगावच्या जत्रांत फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजचे तंबू असत. जुना प्रोजेक्टर, रीळ तुटलं की शिट्ट्या, आणि पडद्याच्या मागे बसलं तर उलटं चित्र. या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' 2016 मध्ये कान महोत्सवात पोचला. तंबूत थांबवायची सोय नव्हती. एखादी करामत पुन्हा बघायची तर पुन्हा तिकीट काढायचं.

आणि लोक काढायचे. गिरण्या चालू होत्या तोवर पाळी सुटली की भागवत थिएटरच्या आवारात रांग लागे. एकाच आवारात वेगवेगळे पडदे, ही चैन सोलापूरनं मल्टिप्लेक्स हा शब्द ऐकण्याच्या पुष्कळ आधी केली. आणि भाषा तीन. मराठी आहेच, कन्नड वेशीवर आहे, आणि पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू. मराठी शहरात तेलुगू सिनेमा मूळ भाषेत लागतो आणि हाऊसफुल्ल होतो, याचं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नवल वाटतं. आम्हाला त्यांच्या नवलाचं. नायकाच्या फ्लेक्सला हार, दुधाचा अभिषेक, पहिल्या एंट्रीला कागदाचे तुकडे. मराठी पोरं तेलुगू न समजता बघायची आणि शेजारचे काका भाषांतर करायचे. ते भाषांतर मूळ संवादापेक्षा बरंच चटकदार असे, असं मला आता वाटतं.

कॅसेटनं ही गर्दी मोडली, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आणि व्हिडिओ पार्लर. चोरटा धंदा इतका माजला की 1984 मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करावी लागली. थिएटरवाल्यांचं नुकसान झालं हे खरंच. पण पाठांतर करणारा प्रेक्षक तयार झाला तो कॅसेटवर. 'अशी ही बनवाबनवी' (1988) आज ज्यांना तोंडपाठ आहे, त्यातल्या बहुतेकांनी तो थिएटरात पाहिलेलाच नाही. साडीच्या रंगापासून घरमालकाच्या खोकल्यापर्यंत सगळं त्यांना येतं, ते कॅसेट, केबल आणि पुढे तबकडी यांच्या आवर्तनांतून.

चित्राची मात्र दुर्दशा होती. 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा. रुंद चित्र टीव्हीच्या चौकोनात कोंबायचं तर दोन्ही कडा छाटल्या जातात. मग दोघांच्या भांडणात एकाचं नुसतं नाक दिसे. त्यानंतर व्हीसीडी आली. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून सिनेमा दोन तबकड्यांत. मध्यंतर कुठे घ्यायचं हे दिग्दर्शकाऐवजी तबकडी ठरवू लागली. जोराची हाणामारी आली की चित्राचे चौकोनी तुकडे पडत. 2007 च्या सुमारास मोझर बेअरनं व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली. तोवर अस्सल तबकडीला याच्या कितीतरी पट मोजावे लागत. एका शेंगाचटणीच्या पुड्याच्या भावात सिनेमा मालकीचा! माझ्या कपाटात अजून तसल्या चाळीसेक तबकड्या आहेत. त्यातल्या निम्म्या चालत नाहीत, कंपनीही 2018 मध्ये अवसायनात निघाली. मराठीच्या वाट्याला ब्ल्यू-रे फारसा आलाच नाही. आपण स्वस्त तबकडीवरून थेट मोबाइलवर उडी मारली.

पॉजच्या बटणाला पुरून उरलेला एकच मराठी चमत्कार मला माहीत आहे. 'झपाटलेला'मधला (1993) तात्या विंचू. मूळ कल्पना परदेशी 'चाइल्ड्स प्ले'ची, बाहुला रामदास पाध्ये यांचा. कितीही थांबवा, मागे घ्या, तो बाहुलाच दिसतो, कारण तो बाहुलाच आहे. लपवायला काही नाही म्हणून सापडायला काही नाही. 2013 च्या 'झपाटलेला 2'मध्ये तो थ्रीडीत अंगावर आला, पण आमच्या गल्लीतली पोरं अजून घाबरतात ती जुन्यालाच.

संगणक आल्यावर थांबवणाऱ्यांची चंगळ झाली. राजामौलींच्या 'ईगा'त (2012) नायकच माशी. 'बाहुबली'तला (2015) धबधबा निम्मा केरळातल्या अतिरापल्लीचा, निम्मा संगणकातला; त्या सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्ससाठी व्ही. श्रीनिवास मोहन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पूर्व भागातली पोरं शांतपणे सांगायची, "ते पाणी खोटं आहे बे, पण चढणारा खरा आहे ना." यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. उलट ऑक्टोबर 2022 मध्ये 'आदिपुरुष'चा टीझर आला आणि देशभर लोकांनी तो चौकट-चौकट थांबवून सोलला. प्रदर्शन जानेवारीवरून जून 2023 वर गेलं, कामाची डागडुजी झाली, तरी हसं थांबलं नाही. गंमत अशी की त्याच ओम राऊत यांचा 'तान्हाजी' (2020) लोकांनी डोक्यावर घेतला होता. तिथे प्रसाद सुतार यांच्या चमूनं उभा केलेला कोंढाणा तरी कुठे खरा होता? शंभर वर्षांपूर्वी पेंटरांनी दिव्यांनी जी रात्र उजळली, तीच इथे संगणकात उजळली. पण कड्यावर दोर लावणारा मावळा आपला होता, म्हणून कुणी बटण दाबलं नाही.

या कामामागची माणसं कधी दिसत नाहीत. सोलापूर-बार्शीकडची कितीतरी मुलं ॲनिमेशनचा कोर्स करून पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत जातात. सुरुवात रोटोपासून. नटाची कड प्रत्येक चौकटीत हातानं कापून काढायची, म्हणजे मागचा पडदा बदलता येतो. सेकंदाला 24 चौकटी, पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120. केस उडत असले तर देवच वाली. आमच्या ओळखीतला एक मुलगा म्हणतो, "आजोबा मागावर बसायचे, मी माऊसवर." हा धंदा किती बेभरवशाचा आहे ते 'लाइफ ऑफ पाय'नं दाखवलं. त्यातला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजच्या शाखा मुंबई-हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात ऑस्कर मिळालं. आभाराचं भाषण लांबलं म्हणून 'जॉज'चं संगीत वाजवून बंद पाडलं. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर या बड्या इफेक्ट्स कंपनीचा डोलारा कोसळला, तेव्हा बंगळुरूच्या मुलांचीही नोकरी गेली. या सगळ्यांची नावं शेवटच्या पाट्यांत असतात. थिएटरात तोवर दिवे लागून लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात आणि ओटीटीवर ती पाटी कोपऱ्यात आक्रसून पुढचा सिनेमा सुरू होतो. ज्यांना थांबवून वाचता आली असती, त्यांच्या हातातलं बटण तिथे नेमकं घाई करतं.

ओटीटीवर सिनेमा आपला नसतो, हेही हळूहळू कळतंय. करार संपला की तो रात्रीत नाहीसा होतो. निगेटिव्ह सांभाळणारी, 1964 सालच्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारखी संस्था सोडली, तर जुन्या मराठी सिनेमाची भरवशाची प्रत कुठे मागायची, असा प्रश्न पडतो. म्हणून माझ्या चाळीस तबकड्या मी रद्दीत दिलेल्या नाहीत. घरचे मधूनमधून विचारतात.

आणि मग लोक पुन्हा तिकीट काढायला लागले. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 2018 मध्ये फारसा चालला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. 21 मार्च 2025 ला 'सैराट' परत आला. हा तर आमच्याच जिल्ह्याचा. जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची रिंकू राजगुरू, करमाळ्याच्या आसपासची रानं आणि विहिरी. 2016 मध्ये शंभर कोटींचा आकडा मराठीनं पहिल्यांदा पाहिला तो या सिनेमामुळे, आणि लोक गाड्या करून ती विहीर बघायला जाऊ लागले. यातली करामत डोळ्यांसाठी नाहीच. ती अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद बसवून कानासाठी केली.

मार्चमधल्या त्या खेळाला मी गेलो होतो. शेजारी पंचविशीतला एक जण. 'झिंगाट'ला तो खुर्चीवर उभा होता. शेवटी ते लहान मूल दारातून आत जातं आणि आवाज नाहीसा होतो. सगळ्यांना पुढचं पाठ होतं. घरी असता तर तो तिथे थांबला असता, किंवा पुढे ढकलून गेला असता. इथे मूल चालत राहिलं, पावलं उमटत राहिली. शेजारच्या पोरानं खिशातून मोबाइल काढला, पडदा न उघडता पुन्हा ठेवला. दिवे लागले तेव्हा डोअरकीपरनं दार उघडून धरलं होतं, पण बराच वेळ कुणी उठलं नाही.